गणपतीच्या जागी बसलेला मोबाइल

गाडीतल्या मोबाइल होल्डरची मला किळस येते. नुसता राग नाही, किळस. त्याच्या बुडाला तो चिकट रबरी गोल असतो ना, त्याला काही दिवसांत केस चिकटतात, बिस्किटाचा चुरा चिकटतो, एखादा डास मरून पडतो. मग नवरा तो गोल नळाखाली धुतो, पुसतो आणि पुन्हा डॅशबोर्डवर दाबून बसवतो, आणि ते करताना त्याच्या चेहऱ्यावर मोठं पुण्यकर्म केल्याचे भाव असतात.

आमच्या गाडीत त्या जागी आधी गणपती होता. गाडी घेतली तेव्हा आईने स्वतः आणून बसवलेला, अंगठ्याएवढा, शेंदरी. होल्डर आला तेव्हा नवऱ्याने गणपती उपटला आणि समोरच्या खणात ठेवला. तिथे पीयूसीचा कागद, काच पुसायचं फडकं आणि केव्हाचे सॉसचे पुडे.

"देव तिथे कोंबलास?" मी विचारलं.

"ऊन लागत नाही तिथे. बरं आहे ना त्याला."

सिग्नलला थांबलं की त्याचा अंगठा त्या स्क्रीनवर फिरायला लागायचा. कुणीतरी नाचतंय, कुणीतरी पनीर तळतंय, आणि त्यावर अर्धवट आलेले मेसेज. सगळ्या काचेवर तेलकट बोटांचे ठसे. शेजारच्या रिक्षातला माणूसही वाकून बघायचा. मला शिसारी यायची.

आईचं आणि त्या गणपतीचं मात्र ठरलेलं होतं. आई मालवणकडची. रस्त्यात देऊळ दिसलं, अगदी पुलावरून नुसता कळस दिसला, तरी तिचा हात आपोआप डॅशबोर्डवर जायचा, गणपतीला टेकायचा आणि मग छातीला. गणपती खणात गेला तरी हाताची सवय कुठे जाणार? ती बोलता बोलता मोबाइललाच हात लावायची. कधी नकाशा बंद पडायचा, कधी आवाज वाढायचा. नवरा हसायचा. मीही हसले एक-दोनदा.

गुडघ्यांच्या दुखण्यामुळे वर्षभर आई आमच्याकडे चारकोपला होती. मग भाऊ म्हणाला, आता माझ्याकडे आण. त्याचं घर मुलुंडला. आई किती खूश झाली ते काय सांगू. शेवटी लेकाचं घर. नातवंडांसाठी कुळथाचं पीठ, सोलं, सगळं आठवडाभर आधीच बांधून तयार. रविवारी सकाळी आम्ही निघालो. आई पुढे, गुडघे लांब करता यावेत म्हणून. मी मागे, तिचा वॉकर, गादीची वळकटी आणि पिशव्या यांच्यामध्ये चेंगरून. गाडीभर तिच्या गुडघ्याच्या तेलाचा वास. निर्गुंडीचं तेल, ती रोज सकाळ-संध्याकाळ लावायची.

पवईला तलावाच्या बाजूला आलो आणि मोबाइल वाजायला लागला. भावाचा फोन. मला फोन करायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून नवऱ्याला केलेला. नेमकं त्याच वेळी कडेला देऊळ आलं. आईने सवयीने हात पुढे केला, मोबाइलला लावला, छातीला लावला. फोन उचलला गेला, आणि गाडीच्या चारी दारांतल्या स्पीकरमधून भावाचा आवाज आला.

"भावोजी, निघाला नसाल तर थांबा हां. ताईला बाजूला घेऊन सांगा, आईला नका आणू. घरात जाम वाजलंय यार. त्या तेलाचा वास सहन नाही होत आम्हाला, पोरं पण तुमच्याकडे आली की नाक दाबतात. आईला सांगा, बिल्डिंगमध्ये पाण्याचा प्रॉब्लेम आहे."

नवऱ्याचा हात फोन बंद करायला अर्ध्यावर गेला आणि तिथेच राहिला. मी पुढे वाकले. तोंडात जे काही आलं होतं ते सगळं त्याला ऐकवणार होते. आईने मान न वळवता हात मागे केला आणि माझा गुडघा दाबून धरला.

"आमी अजून निघूक नाय रे झिला," ती म्हणाली. "आज बरा वाटत नाय माका. तूच फोन केलंस ता बरा झाला."

तेवढ्यात नकाशातली बाई म्हणाली, पुढे डावीकडे वळा.

ते तिकडे भावालाही ऐकू गेलं. मग "बरं आई," म्हणाला आणि फोन ठेवला.

"परत घेवा गाडी," आई नवऱ्याला म्हणाली. "पाणी येतला तेवा जावया."

परतीच्या वाटेवर ती नकाशातली बाई कितीतरी वेळ आम्हाला मुलुंडलाच पाठवत होती, शेवटी नवऱ्याने तिचं तोंड बंद केलं. घरी आल्यावर मी तो होल्डर ओढून काढला आणि सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. नवऱ्याने खणातला गणपती फडक्याने पुसला आणि डॅशबोर्डवर पुन्हा चिकटवला.

भावाचा मला फोन येतो अधूनमधून. मी उचलत नाही. वास कशाला म्हणतात ते मला त्याला एकदा सांगायचं आहे, पण तोंड उघडलं तर माझीच जीभ विटाळेल असं वाटतं.

आई आता आमच्याकडेच आहे. तेलाची बाटली मी तिच्या उशाशी ठेवते. ती जशीच्या तशी भरलेली असते. विचारलं तर म्हणते, "दुखत नाय गो आता." आणि मी खोलीतून बाहेर गेले की भिंतीला धरून उठते.