आई कशी गेली ते सांग

रविवारी दुपारी रेखाने पाहुण्यांसमोर दुसऱ्यांदा बोलायला नकार दिला.

पाहुणे मोहर्लीहून वाघाची सफारी करून आले होते. आमच्या बालगृहातली मुलं ओळीत उभी होती. प्रत्येकाने नाव, गाव आणि आईवडील कसे गेले ते सांगायचं. याला आम्ही परिचय म्हणत असू. तो मी बसवला होता. कुठे थांबायचं, कुठे मान खाली घालायची, सगळं.

अकरा वर्षांच्या रेखाने सांगितलं, "माझी माय मोह वेचाले गेली होती. वाघानं नेली."

एक बाई हसून शेजारणीला म्हणाल्या, "आपल्याला सकाळभर फिरून दिसला नाही, बघ." मग मोबाइल वर धरला. "बाळ, परत सांग ना. व्हिडिओ राहिला."

रेखाने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "नीट सांग रेखा. मागच्या वेळेसारखं."

"पहिले तुमी सांगा ना सर. तुमची माय कशी मेली?"

पाहुणे हसले. मी हात जोडले. "माफ करा. नवीन आहे."

ती तीन वर्षं आमच्याकडे होती.

मीही वसतिगृहात वाढलो. वडील कोळसा खाणीत गेले, आई त्यानंतर. दर स्नेहसंमेलनात मला मंचावर उभं करत. मी सांगायचो, लोक टाळ्या वाजवायचे. एकदा रडलो तर टाळ्या जास्त वाजल्या. पुढच्या वर्षी मी ठरवून रडलो. त्याची लाज मी कुणालाच सांगितली नाही. आणि तीच विद्या या मुलांना शिकवली.

हे घर मी आणि माझ्या पत्नीने दोन खोल्यांत सुरू केलं. ती असताना पाहुणे ओसरीवर चहा पिऊन जात. मुलांपर्यंत कुणी पोचत नसे. ती वारली आणि मला सगळ्यांना हो म्हणायची सवय लागली. पाहुणे देणगी देतात, घर चालायला हवं, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

आठवड्याने रेखाची मावशी बल्लारपूरहून आली.

"भाऊ, पोरगी इथी नाई राहत म्हन्ते. काऊन, तं सांगत नाई. तुमाले मालूम हाय का?"

मला माहीत होतं. मी म्हणालो, "घरची आठवण येत असेल."

रेखा मावशीच्या मागे फाटकातून गेली. मी देणग्यांचं पुस्तक उघडून बसलो.

पुढच्या रविवारी दुसरी गाडी आली. मी फाटकातच उभा राहिलो. "चहा घ्या. मुलं उभी राहणार नाहीत."

एक गृहस्थ म्हणाले, "मग आम्ही इतक्या लांब आलो कशाला?"

"ते तुम्हीच ठरवा."

"माज आलाय," असं जाताना ते म्हणाले. मला ऐकू जाईल अशा बेताने.

मग बल्लारपूरला गेलो. रेखा दारातच होती. मी तिला सांगितलं, की मी तिला नवीन म्हणालो ते खोटं होतं, आणि परिचय बंद केला आहे.

"बरं केलं सर."

"परत येतेस?"

"नाई."

तिने आतून पाणी आणून दिलं. मी प्यायलो आणि निघालो.

आता घरात चौदा मुलं आहेत. त्यांचे आईवडील कसे गेले ते मला माहीत आहे. ते मी कुणालाही सांगणार नाही, त्यांना सांगायला लावणार नाही. घर बंद पडलं तरी नाही. रेखा बल्लारपूरला आहे.