बायोडाट्यावर एकच नंबर

रामनगरात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. नोकरीचा बायोडाटा करायला येणाऱ्यांसाठी मी भिंतीवर यादी चिकटवली आहे. एकच पान. आधी काय काम येतं ते, मग शाळा. लग्नातला कापलेला फोटो चालणार नाही. छंद लिहू नयेत. सगळ्यांचा छंद वाचन असतो आणि ही यादीसुद्धा कुणी वाचत नाही.

गुंद, बाजारकुणंगकडच्या पुष्कळ वाड्यांवर रेंज नाही. तिकडच्यांच्या बायोडाट्यावर मी माझाच मोबाईल नंबर घालायची. फोन आला की वहीत टिपायचं आणि बसच्या कंडक्टरकडं चिठ्ठी द्यायची. एकही निरोप कधी चुकला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात गुंदकडची एक मुलगी आली. बेळगावच्या एका दवाखान्यात स्वागतकक्षात जागा होती. कागदावर तिनं लिहून आणलं होतं, "बारावी पास. घरी असते."

"घरी असतेस म्हणजे दिवसभर करतेस काय?"

"काय न्हाई, अक्का. आरोग्य केंद्रात नर्सबाईंच्या संगं असतोय. लसीची वही लिवतोय. म्हाताऱ्यांस्नी डॉक्टर काय म्हणाला ते कन्नडातनं सांगतोय."

मी तेच वर घेतलं. दोन वर्षं नोंदी ठेवल्या. मराठी, कन्नड, कोंकणी येतात. रुग्णांशी बोलता येतं. छापलेलं पान तिनं दोनदा वाचलं.

"ही मीच हाय न्हवं?" म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "मामाचा नंबर बी घाला की. बेळगावात असतोय, फोन कधी बंद न्हाई त्येचा. नोकरी लागली तर त्येच्याकडंच ऱ्हाणार, त्यावरनं घरात भांडान बी झालंय."

"दोन नंबर दिसले की त्यांना वाटतं, हिचा ठावठिकाणा नक्की नाही. एकच."

तिनं मान हलवली. दुकान माझं, यादी माझी.

पंधरा दिवसांनी विजेच्या तारांवर झाड पडलं आणि टॉवर तीन दिवस बंद राहिला. चौथ्या दिवशी रेंज आली तेव्हा दवाखान्याचे पाच चुकलेले कॉल आणि एक मेसेज दिसला: उद्या अकराला मूळ कागदपत्रं घेऊन या. तो उद्या होऊन दोन दिवस झाले होते.

मी लगेच फोन लावला. टॉवरचं सांगितलं. पलीकडच्या बाई सभ्यपणे म्हणाल्या, "जागा भरली हो. दुसरा नंबर असता तर त्यावर केला असता. आम्ही नेहमी करतो."

या वेळी कंडक्टरकडं चिठ्ठी दिली नाही. दुकान बंद करून स्वतः गेले. ती भाताच्या शेतात तण काढत होती. बांधावर आली, हात पुसले, सगळं ऐकून घेतलं.

"मामाच्या नंबरावर केला न्हाई त्येंनी?"

"तो आपण लिहिला नव्हता," मी म्हणाले. आपण कसलं? तिनं मागितला होता, नको मी म्हणाले होते.

"व्हय की," म्हणाली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला घराकडं वळली. मी परतीच्या बसचं कारण सांगून निघाले. त्या दिवशी बस आणखी तासभर नव्हती. मी रस्त्यावर उभी राहिले.

महिन्याभरानं बाजाराच्या दिवशी ती वडिलांबरोबर दुकानात आली. वडिलांनी काउंटरवर दोन काकड्या ठेवल्या.

"अक्का, तुमी कागुद झ्याक लिवला हुता. आमच्याच पोरीचं मार्क कमी पडलं म्हणं. त्येंनी बोलीवलंच न्हाई. इतकी शिकीवली, काय उपेग? आता खानापुराकडं एक जागा बगितलीया. लग्नाचा बायोडाटा करून द्या."

घरी तिनं असं सांगितलं होतं तर. माझ्यावर बोल येऊ नये म्हणून, की मामाकडं राहू देण्यावरून आधीच झालेलं भांडण पुन्हा नको म्हणून, मला माहीत नाही. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं मान किंचित हलवली: नको.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. वडील समोर होते, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी कीबोर्ड पुढं ओढला आणि उंची विचारली.

"पाच फूट दोन," ती म्हणाली.

"रंग गोरा लिवा," वडील म्हणाले.

मी लिहिला.