उजेडाकडे तोंड करून

वैजू गेल्याचं श्रीकांतने, तिच्या नवऱ्याने, मला फोन करून नाही, मेसेज करून कळवलं. मी नीउ-व्हेनेप या आमच्या डच गावातल्या सुपरमार्केटबाहेर ट्रॉलीसाठी रांगेत उभी होते. तेव्हा महामारीमुळे माणशी एक ट्रॉली घेतल्याशिवाय आत सोडत नसत, आणि माझ्या पुढच्या आजोबांची ट्रॉली काही केल्या साखळीतून सुटत नव्हती... खिशात फोन थरथरला. ‘वैजू आज सकाळी गेली. त्रास झाला नाही. तू सावकाश ये.’ एवढंच. दुसऱ्या कुणी असं कळवलं असतं तर मला राग आला असता, मी तशी रागीटच आहे. पण त्या घरात महत्त्वाचं काही असलं की ते लिहून सांगायची पद्धत होती. ती का होती हे कळायला मला सोळा वर्षं लागली, आणि त्यातले शेवटचे पाच महिने तर मी तिच्याशी बोलतही नव्हते. तिला जाऊन आता दोन महिने होतील. मी हे लिहायला बसले आहे ते त्या पाच महिन्यांपायी.

आमची ओळख बुइटनव्हेल्डर्टमधल्या एका इमारतीत झाली. दोघीही नवऱ्यांच्या नोकरीमागून या देशात आलेल्या. ती पुण्याची, मी नाशिकची. इमारतीच्या दाराबाहेर उभी राहून मी आईशी फोनवर बोलत होते. गणपती चार दिवसांवर आले आणि इथे मोदकपात्र कुठून आणू, अशी माझी कुरकुर चालली होती. आत, टपालपेट्यांपाशी, एक उंच सावळी बाई पत्रं चाळत उभी होती. ती काचेचं दार ढकलून बाहेर आली आणि म्हणाली, “मोदकपात्र माझ्याकडे आहे. मोदक मात्र मला येत नाहीत. तुम्ही करा, मी खाते.” माझा आवाज मुळातच खणखणीत. आत ऐकू गेला असणार, असं मी धरून चालले. दार बंद होतं आणि काच दुहेरी होती, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

वैजूशी गप्पा म्हणजे समोरासमोर बसून. फोनवर ती दोन वाक्यांत आटपायची, “हे फोनवर नको, घरी ये” म्हणायची. या देशात कुणाकडे चहाला जायचं तरी तीन आठवडे आधी तारीख ठरवावी लागते, आणि ही बाई म्हणे आत्ता ये! आम्ही पुढे नीउ-व्हेनेपला घर घेतलं, तरी दर शनिवारी मी तिच्या स्वयंपाकघरात असायचेच. बाकीच्या मैत्रिणी पोळ्या लाटता लाटता बोलायच्या, हिचा स्वयंपाक मी पोचायच्या आधीच झालेला असे. पंखा बंद, रेडिओ बंद. बाल्कनीसमोरची, तोंडावर उजेड येणारी खुर्ची मला, आणि ती स्वतः उजेडाकडे पाठ करून समोर. मग हनुवटी तळहातावर टेकवून अशी ऐकायची की माझ्या नवऱ्याने अख्ख्या संसारात माझं बोलणं तितक्या लक्षपूर्वक ऐकलेलं नाही. मंडळाच्या दिवाळीला मात्र, लाउडस्पीकरच्या गोंगाटात, ती कुणाशी बोलत नसे. वाढायला घ्यायची. गाडीत मागे बसली की डोळे मिटायची. आम्ही तिला कामसू म्हणायचो, आणि झोपाळू. दोन्ही किती चुकीचं होतं...

मग महामारी आली आणि सगळ्यांच्या गप्पा पडद्यावर गेल्या. आम्ही नऊजणी रविवारी व्हिडिओ कॉलवर भेटायचो. सगळ्या एकदम बोलायच्या, कुणाचं तरी चित्र तोंड उघडलेल्या अवस्थेत थिजायचं. वैजू यायची, हसायची, हात हलवायची आणि दहा मिनिटांत गायब व्हायची. एकटीला फोन केला तर उचलायची नाही, वर मेसेज, ‘लिही ना काय ते.’ आता मला टाइप करायचा भारी कंटाळा. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले की माझंच बोलणं मला परक्याचं वाटतं. माझी मैत्री म्हणजे आवाज. फोन कानाला, एका हातात डाव, आणि मध्ये मध्ये “अगं ऐक तरी.” वैजू बदलली, असं मी दोघीतिघींना बोलूनही दाखवलं.

त्याच वसंतात नाशिकला माझे बाबा गेले. विमानं बंद होती. अंत्यविधी मी भावाने धरलेल्या फोनवर पाहिला. त्याचा हात इतका कापत होता की मला निम्मा वेळ नुसती जमीन दिसली. ते संपल्यावर मी पहिला फोन वैजूला केला. तिने उचलला नाही. पुन्हा केला. मग मेसेज आला, ‘फोनवर नको. लिही, नाहीतर मी येते.’ माझे वडील गेलेत आणि मी काय ते लिहू? मी फोन सोफ्यावर भिरकावला. माझ्या नवऱ्याने तिला आणि इतर मैत्रिणींना कळवलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी दारावरची घंटा वाजली आणि पाहते तर ती उभी. बस नको म्हणून बुइटनव्हेल्डर्टपासून सव्वा तास सायकल मारत आली होती, डब्यात पिठलं-भात घेऊन. घरात कुणी गेलं की चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. इथे तिच्याशिवाय कोण आणणार होतं? पण नवऱ्याला ताप होता. इथले लोक तेव्हा मास्कला हसत होते, आम्ही मात्र घरी शिवलेले लावून बसलो होतो. मी मास्क लावून, वरून ओढणी गुंडाळून दारात उभी राहिले आणि दोन हात लांबून तिला सगळं सांगितलं. बाबांनी शेवटी माझं नाव घेतलं होतं, ते. जमीन दिसली, ते. रडत रडत सांगितलं. ती मान डोलावत होती, “हो... हो गं...” म्हणत होती. माझं सांगून झालं आणि तिने विचारलं, “शेवटी बाबांना कुणाची आठवण आली का गं?”

मी डबा घेतला आणि दार लावलं. पिठलं-भात मी खाल्ला नाही, हेही आज सांगून टाकते. त्यानंतर पाच महिने तिच्या एकाही मेसेजला मी उत्तर दिलं नाही.

पानगळ सुरू झाल्यावर एका भारतीय दुकानात मला तिची मुलगी भेटली, ईरा. सतरा वर्षांची, मराठी सगळं समजतं, पण उत्तर बहुतेक इंग्रजीत. मी खोचकपणे म्हटलं, “आईला सांग, मावशी अजून जिवंत आहे म्हणावं.” ईराने तांदळाची पिशवी खाली ठेवली. “मावशी, यू आर अँग्री विथ हर? बिकॉज ऑफ द मास्क?” म्हटलं, कसला मास्क? तर म्हणाली, “शी कान्ट फॉलो यू विथ अ मास्क ऑन. ती ओठ वाचते ना. यू न्यू दॅट... राइट?” मला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, सगळ्यांना माहीत आहे. विशीतच वैजूचे कान जायला लागले होते. ईरा झाल्यावर उजवा पूर्ण गेला आणि डावा थोडका उरला. डोळ्यांसमोर ती खुर्ची आली, बंद केलेला पंखा आला, ते काचेचं दार आलं. आणि माझं दार, आणि त्यात मास्क-ओढणी गुंडाळून रडणारी मी. तिला त्या दिवशी माझे फक्त डोळे दिसले होते.

मी तशीच तिच्या घरी गेले, खाली उभी राहून मेसेज केला. टाइप केला, मराठीत, चुका करत. ती खाली आली. मी विचारलं, “सांगितलं का नाहीस?” तर हसली. “तुम्ही सगळ्या इतकं बोलता की निम्मं निसटलं तरी काही अडत नव्हतं.” मग म्हणाली, “पहिल्या नोकरीत सांगितलं होतं, तर मला मीटिंगला बोलवेनासे झाले. म्हटलं, मैत्रिणींनी तरी बोलवत राहावं.” माफी मात्र मी मागितली नाही. आपल्यात मैत्रिणीला माफ कर असं कोण म्हणतं? आपण थालीपीठ घेऊन जातो, झालं. मी पुढच्या शनिवारी थालीपीठं घेऊन गेले.

तो सगळा हिवाळा आम्ही बागेत फिरलो. बाहेर मास्क लागत नसे, पण शेजारी चालायचं तर तिला माझं तोंड दिसणार कसं? मग मी तिच्यासमोर उलटी चालायला लागले. पन्नाशीची बाई, लोकरी टोपी, तोंड मैत्रिणीकडे आणि पावलं मागे मागे; ती मला मागचं सांगायची, “डावीकडे हो, सायकल येतेय... कुत्रा आहे, थांब.” एकदा तिने हसण्याच्या नादात सांगितलंच नाही आणि मी झुडपात बसले. रोज येणाऱ्या एका डच आजीबाई आम्हाला लांबूनच वाट करून द्यायच्या. याच बागेत, उलटं चालत, मी तिला बाबांचं पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी ती मध्येच उभी राहिली आणि रडली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या पोटात दुखायला लागलं, आणि कळलं तोवर फार उशीर झाला होता. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, नर्स, सफाईवाले, सगळे मास्कमध्ये. ईराने डचमध्ये एक पाटी लिहून पलंगाला लावली, ‘कृपया लिहून सांगा.’ बरेचजण प्रेमाने लिहायचेही, पण माणूस लिहून किती सांगणार? ‘आता सुई टोचणार’ एवढंच. दिवसाला एकच माणूस आत सोडत. बाप-लेक आळीपाळीने जायचे, त्यातली एक पाळी त्यांनी मला दिली. मी तिचा हात धरून बसले आणि मास्कच्या आतून, खाली बघून, म्हणाले, “वैजू, मी फार वाईट वागले गं. मला माफ कर.” तिने विचारलं, “काय?” मी कागद ओढला आणि लिहिलं, ‘उशी नीट करू का?’ तिला दिसणार नाही हे माहीत होतं, म्हणूनच मला म्हणवलं. घरी येताना स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनेच ईराच्या टॅबलेटवरून व्हिडिओ लावला. पडद्यावर मला मास्क नव्हता! ही साधी गोष्ट आमच्या लक्षात यायला इतका उशीर झाला. खोलीत आणखी तीन पेशंट होते, म्हणून म्हणाली, “तू आवाज न करता बोल. मला काय फरक पडतो?” मी ईराच्या सांगण्यावरून गडद लिपस्टिक लावली, खिडकीकडे तोंड करून बसले आणि नुसते ओठ हलवत बोलले. शेजारच्या टेबलावर नवरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. त्याच्या घोरण्याच्या तक्रारी मी त्याच्यादेखत केल्या आणि वैजू पलंगावर हसून हसून वाकली. आणि मग मी म्हटलं. सरळ तिच्याकडे बघून, एकेक शब्द सुटा करून. माफ कर मला. त्या दिवशी दार लावलं म्हणून. पाच महिन्यांसाठी.

ती पडद्याजवळ झाली. “नीट दिसलं नाही. परत म्हण.”

मी परत म्हटलं.

“अजून एकदा.”

तिसऱ्यांदा म्हणताना माझी लिपस्टिक डोळ्यांच्या पाण्याने हनुवटीवर आली होती. तेव्हा ती हसली, तिचं ते एका बाजूचं हसू. “पहिल्यांदाच कळलं होतं, रेखे,” ती म्हणाली. “पण तू असं पुन्हा कधी म्हणणार आहेस का? म्हणून बघून घेतलं.” त्यानंतर आठ दिवस आम्ही रोज अशा मुक्याने बोललो. नवव्या दिवशी श्रीकांतचा मेसेज आला.

गेल्या शनिवारी मी बुइटनव्हेल्डर्टला गेले. श्रीकांतने चहा केला, आणि तो कामासाठी आतल्या खोलीत गेला. मी कप विसळायला घेतले, नळ सोडला. ईरा मागे टेबलापाशी बसली होती. येताना ट्रेनमध्ये बसल्यापासून मला तिला एक विचारायचं होतं, आणि मला ते तिच्या तोंडाकडे बघून विचारायचा धीर होत नव्हता. मी बेसिनमध्ये बघतच विचारलं, “आईची फार आठवण येते का गं?” खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती माझ्या बाजूने पुढे आली, तिने नळ बंद केला आणि माझ्यासमोर, खिडकीकडे पाठ करून, उभी राहिली. तिचे कान चांगले शाबूत आहेत. तिला फक्त लहानपणापासून एवढंच माहीत आहे की माणसं अशी बोलतात.

मी वर बघितलं आणि पुन्हा विचारलं.

“येते,” ती म्हणाली. “तुला?”

माझा आवाज काही फुटला नाही. ओठ तेवढे हलले. तिने ते वाचलं, आणि मला जवळ घेतलं.