जोर नको, टेक्निक हवं

इकडे गुजरातेत आमच्या तरसालीच्या सोसायटीत हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द, टेक्निक. पोळी फुगत नाही? टेक्निक चुकतंय. झोप लागत नाही? श्वासाचं टेक्निक शिका. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, मला आपला तंत्र हा शब्द बरा वाटतो. पोरं तंत्र शिकायला कॉलेजात जातात, अडलेले लोक तंत्रमंत्रवाल्याकडे जातात आणि बायका नवऱ्याच्या तंत्राने चालतात. शेजारची सरोजिनी जशी चालली, तशी दुसरी कोणी मी तरी पाहिली नाही.

तिचे यजमान माधवराव कोयलीला रिफायनरीत होते. क्रेनने अवजड नळ, टाक्या वर चढवताना खाली उभं राहून क्रेनवाल्याला हाताने खुणा करायच्या, हे त्यांचं काम. घरात शब्द खर्च करायची सवय नव्हतीच. सरोजिनीने त्यांच्या शिफ्टचे डबे केले, सासूचं आजारपण काढलं, मुलाला, ध्रुवला, शिकवून मोठं केलं. माहेरच्या लग्नालासुद्धा ती आदल्या दिवशी जायची आणि अक्षता पडल्या की परत. माझं डोकं तडकायचं. ती म्हणायची, "जाऊ दे गं, स्वभाव आहे त्यांचा."

दिवाळीनंतर माधवरावांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ध्रुव हैदराबादला असतो. तो म्हणाला, "आई, तुझ्याने हे होणार नाही. शहराबाहेर एक संस्था आहे, चांगलं सांभाळतात." सरोजिनी उसळली, "माझ्या अंगात जीव आहे तोवर घर सोडून हे कुठे जायचे नाहीत!" शेवटी असं ठरलं की संक्रांतीला, म्हणजे इकडच्या उत्तरायणाला, ध्रुव येईल, तेव्हा तिने बाबांना पलंगावरून खुर्चीत एकटीने बसवून दाखवायचं. जमलं तर घरी, नाही तर संस्थेत.

मग शिकवायला रसिका यायला लागली. दांडिया बाजारातल्या मराठी घरातली मुलगी, फिजिओथेरपिस्ट, पण तोंडात निम्मी गुजराती. "आंटी, जोर नथी जोईतुं, टेक्निक जोईए! काकांचे गुडघे तुमच्या गुडघ्यांनी अडवा, कंबर सरळ ठेवा, त्यांना पुढे झुकवा आणि मग वळा." बोलायला काय जातंय! सरोजिनीचं वजन ते किती, आणि माधवराव म्हणजे भरलेलं पोतं. एकदा दोघं मिळून पलंगावर कोसळली, तेव्हा मी हातातलं पीठ न धुता धावले. तिच्या कंबरेला पट्टा आला, घरभर बामाचा वास. पायऱ्या चढताना ती कठड्याला धरून उभी राहायची आणि मला म्हणायची, "काही नाही गं, जरा टेकलेय."

एके दिवशी मी तिथेच होते. माधवरावांनी डावा हात वर केला आणि एक बोट वरच्या दिशेने गोल गोल फिरवलं. सरोजिनी म्हणाली, "अगंबाई, हे क्रेनच्या खुणा करतायत!" बोट वर म्हणजे उचल, मूठ मिटली की थांब, बोट खाली म्हणजे उतरव. त्या दिवसापासून ती त्यांच्या खुणेवर उचलायला लागली आणि खरंच जमायला लागलं. रसिकाने टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, मेलं, पलंगावर पडूनही साहेबी सुटली नाही. पण सरोजिनीचा चेहरा इतका खुलला होता की मी जीभ आवरली.

उत्तरायणाच्या सकाळी ध्रुव आला. गच्च्यांवर पतंग काटणाऱ्यांच्या 'काप्यो छे'चा नुसता गिल्ला, घरात उंधियूचा वास, आणि खोलीत आम्ही श्वास धरून उभे. सरोजिनीने पदर खोचला. माधवरावांचं बोट फिरलं. तिने त्यांचे गुडघे आपल्या गुडघ्यांनी अडवले, त्यांना झुकवलं, उचललं, आणि ते उभे राहिले! ध्रुव म्हणाला, "वा आई, टेक्निक एकदम पर्फेक्ट!"

खुर्ची हातभर लांब होती. माधवरावांचं तोंड तिच्या तोंडाजवळ होतं. तिच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. त्यांनी मूठ मिटली. ती थांबली. मग त्यांनी बोट खाली केलं.

"अहो, झालंच की, वळायचंच राहिलंय!"

बोट खालीच. तिने त्यांना परत पलंगावर बसवलं. घाम पुसून ती पुन्हा वाकली, तर त्यांनी तिचा हात बाजूला सारला. तिच्या कंबरेच्या पट्ट्यावर डावा हात ठेवला आणि दाराकडे बोट दाखवलं.

ध्रुवने विचारलं, "बाबा, तिकडे जाता? संस्थेत?"

माधवरावांनी मान हलवली. हो.

मग मात्र सरोजिनीचा बांध फुटला. "बोलता येत होतं तेव्हा एकदा तरी विचारलंत का, दमलीस का म्हणून? एकदा तरी? आणि आता दिसलं होय तुम्हाला!" इतकी मोठ्याने रडली की ध्रुव घाबरून मागे सरला. माझ्याही डोळ्यांना धार लागली, आणि मी तर त्या माणसावर जन्मभर चिडलेली बाई.

माधवराव डाव्या हाताने तिचा हात चाचपडत होते. तिने तो लगेच दिला नाही. दिला, तेव्हा त्यांच्याशेजारी पलंगावर बसली आणि पाठ भिंतीला टेकली.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मृदुला, ह्यांची बॅग तू भर. माझ्याने ते नाही होणार."