मावशीनं काढलेला पूल

सीना नदीकाठच्या एका गावात शिवलीला ब्लाउज शिवते आणि उरल्या वेळात मोबाइलवर गावाचा नकाशा भरते. हा नकाशा कुणा एकाच्या मालकीचा नाही. ज्याला जे ठाऊक, त्यानं ते घालावं. गिरणी, मठ, शाळा सगळं तिनंच घातलं. अडलं ते बंधाऱ्यापाशी. पाणी अडवणारी ती भिंत. उन्हाळ्यात तिच्यावरून जीपसुद्धा जाते, पावसाळ्यात तीच पाण्याखाली. नकाशात काय म्हणून दाखवायचं, त्या यादीत ‘पूल’ होता, ‘बांध’ होता, ‘पुरात बुडणारी वाट’ही होती. कुणा अनोळखी माणसानं ‘बांध’ निवडलं आणि बाईचं डोकं फिरलं. बिनपुलाचं गाव म्हणून जन्मभर टोमणे खाल्लेले! तिनं ते खोडून ठसक्यात ‘पूल’ केलं, वर गाड्यांना मोकळा.

गेल्या सप्टेंबरात तिचा भाचा प्रभु पुण्याहून बायको आणि तान्ह्या लेकीला घेऊन निघाला. गावी तो पहिल्यांदाच येत होता.

“मावशी, तुझाच नकाशा डाउनलोड केलाय. हायवे सोडून पुलावरून येतो,” फोनवर तो म्हणाला आणि रेंज गेली.

बंधारा तर दोन दिवसांपासून पाण्याखाली होता. शिवलीलानं घाईघाईनं ‘पूल’ खोडला. मग ध्यानात आलं, प्रभुच्या फोनमध्ये जुनाच नकाशा राहणार. ती अनवाणीच नदीकडे पळत सुटली.

अंधारून आलं होतं. बंधारा दिसतच नव्हता. वरून गढूळ पाणी धावत होतं, पण परक्याला ते घोटाभरच वाटावं. पलीकडे गाडी येऊन थांबली. शिवलीला दोन्ही हात हलवून ओरडली, “थांब! येऊ नगंस!” आवाज नदीनं गिळला. गाडीनं आनंदानं दिवे मिचकावले. मावशी बोलावतेय, असं समजून प्रभु पुढं सरकला. चाकं पाण्याला टेकली.

आता एकच उरलं होतं, आणि जित्या लेकरासाठी ते करायचं म्हणजे लई अभद्र. तरी ती गाडीच्या दिव्यांच्या झोतात मटकन खाली बसली आणि मयताला करतात तसा ऊर बडवू लागली. तोंडावर हात मारत तिनं बोंब ठोकली, माती डोक्यात घातली.

गाडी थबकली. मयताच्या घरी तान्हं लेकरू नेत नाहीत; ती हळूहळू मागं गेली.

बऱ्याच वेळानं, हायवेवरून, फोन आला. प्रभु रडत होता.

“मावशी, कोण गेलं गं?”

मागं बाळाचं रडू ऐकू येत होतं.

“कुणी न्हाय रे बाळा,” ती म्हणाली. “कुणीच न्हाय.”