मोठीला बोलवा

"ही पोर नाय पायजे गो, मोठीला बोलव," धसईकडची म्हातारी मला म्हणाली. तिची सून जुलाबांनी गळून खाटेवर पडली होती. सलाइन लावायचं होतं. ट्रे घेऊन उभी होती प्रणिता, परभणीकडून आलेली नवी नर्स.

मी मुरबाडच्या एका दवाखान्यात आया होते. शाळा चौथीपर्यंत. पेशंटचा हात घट्ट धरणं हे माझं काम. सलाइनसाठी शिरेत सुईने बारीक नळी घालतात. नळीच्या मागच्या टोकाला रक्त दिसलं की शीर मिळाली समजायचं.

आमच्याकडे नव्या नर्स टिकत नव्हत्या. म्हणून मेट्रन मॅडमनी प्रत्येक नवीला एक जुनी सिस्टर जोडून दिली. प्रणिताला मिळाल्या शिंदे सिस्टर. हात चांगला, धीर अजिबात नाही. नातेवाईक कुरकुरले की त्या पोरीच्या हातातून सुई काढून घेत. हेतू वाईट नव्हता. पेशंटला त्रास नको, एवढंच.

आदल्या दिवशी चादरींच्या घड्या घालताना प्रणिता म्हणाली, "मावशी, मी महिनाअखेर जाते. नुसता ट्रे धरायला एवढ्या लांब कशाला राहू?"

"हे मला सांगून काय होणार? मॅडमला सांग."

ती सांगेना. मग मीच सांगितलं.

मॅडमनी शिंदे सिस्टरना बोलावलं. "तुम्ही शिकवता की करून टाकता?"

"पेशंटची माणसं ओरडतात, ते कुणी ऐकायचं?"

"तुम्ही ऐका. दोनदा चुकली तरच सुई घ्यायची."

म्हणून आज शिंदे सिस्टर म्हातारीला म्हणाल्या, "मोठी इथंच उभी आहे, आजी. टोचणार मात्र ही पोरच."

पहिल्यांदा शीर सुटली. हात फुगला.

"सुनंची चाळण कराल तुमी," म्हातारी म्हणाली.

शिंदे सिस्टरचा हात पुढे आलाच. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"दुसरा हात घे. पट्टा जरा वर बांध. डोळ्यांनी शोधू नको, बोटाने चाचप."

"पुन्हा सुटली तर?"

"तर मी आहे. टोच."

प्रणिताने बराच वेळ चाचपलं. सुई घातली. टोकाला रक्त आलं. सलाइन पडायला लागलं.

"एवढं येत व्हतं तर आधीच का नाय केलंस गो?" म्हातारी म्हणाली.

महिनाअखेर आली, प्रणिता गेली नाही. शहापूरच्या एका नर्सबरोबर तिने मुरबाडला खोली घेतली. सगळ्याच राहिल्या असं नाही. एक पोरगी जोडीला चांगली जुनी सिस्टर मिळूनही गेली. तिला इथलं पाणीच मानवलं नाही.

नुसती जोडी लावून नर्स टिकत नाही. सुई हातात न घेता नुसतं बघत उभं राहणं जुनीला जमलं पाहिजे. शिंदे सिस्टरना ते शेवटपर्यंत जड गेलं. पुढच्या नवीने सुई हातात घेतली की त्या मला म्हणत, "मावशी, मला जरा बाहेर न्या."