टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

माझा स्वभाव तापट, आणि नोकरी इंजिनं तपासण्याची. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचाच पगार घ्यायचा. जबलपूरला लष्करी गाड्यांच्या कारखान्यात मी पास केलेलं इंजिन कधी परत आलं नाही, असं मी घरीदारी सांगत असे. बायको म्हणायची, हे वाक्य आता पाठ झालं, नवीन काहीतरी सांगा.

लढाई तोंडावर आली त्या वर्षाची ही गोष्ट. आठ तासांच्या पाळ्या बारा तासांच्या झाल्या होत्या, घरांच्या काचांना काळे कागद लागले होते, आणि कारखान्याने बरीच हंगामी माणसं घेतली होती. त्यातले सात जण नर्मदेच्या पलीकडच्या, धारेच्या खालच्या अंगाच्या एका गावचे होते. पुलावरून यायचं तर फार मोठा फेरा, म्हणून ते पहाटे नावेत बसत, उलट्या धारेने ग्वारीघाटाला येत आणि तिथे ठेवलेल्या सायकली हाणत सातचा भोंगा गाठत. भोंगा थांबला की फाटक बंद. तीनदा फाटक बंद सापडलं तर हंगामी माणसाचं नाव कमी, आणि लढाईच्या दिवसांत कोणी कारण विचारायच्या भानगडीत पडत नसे.

नाव चालवणारा म्हातारा केवट त्यांच्याच गावचा. वल्ही मारून मारून त्याचे खांदे कामातून गेले होते. रविवारी मी घाटावर पोहायला जायचो, त्यातून आमची ओळख झाली. शेतातल्या पंपाचं जुनं डिझेल इंजिन नावेवर बसवू, हे डोकं माझंच. पावसाळा सरल्यावर बसवलंही मीच. अधारतालच्या पत्रेवाल्याकडून डिझेलची टाकी करून घेतली, नळ्या जोडल्या, आणि खंडेनवमीला पूजाही मीच केली. आमच्या वडिलांची शिकवण अशी, की हळदकुंकू यंत्राला कुठेही लावा, पण शेंदूर त्याच्या माथ्यावर. नावेतल्या त्या इंजिनात सगळ्यात उंच जागा टाकीच्या झाकणाची. तिथे तेलात कालवलेला शेंदूर मी चांगला अंगठाभर थापला. म्हाताऱ्याने हात जोडले, सातही जणांनी नारळाचा प्रसाद घेतला.

दसरा झाला आणि तक्रार सुरू झाली. इंजिन पहाटे गावाहून झकास निघायचं, पण वीसेक मिनिटांनी तापलं की त्याचा दम जायचा. आवाज बारीक व्हायचा, नाव जागच्या जागी रेंगाळायची. थोडा वेळ बंद ठेवून निवू दिलं की पुन्हा चालायचं. म्हणून ते आणखी लवकर निघू लागले, तरी एखाद्या दिवशी तोवर भोंगा होऊन गेलेला असायचा. थंडी पडेपर्यंत सातही जणांचे दोन-दोन उशीर झाले होते.

तापल्यावर दम जातो म्हटल्यावर मी पाण्याच्या मागे लागलो. नदीचं पाणी इंजिनाला गार ठेवणाऱ्या नळीत शेवाळ असेल म्हणून ती साफ केली. मग डिझेलची जाळी धुतली. मग डिझेलचा फवारा सोडणारं नोझल काढून कारखान्याच्या दोस्ताकडून तपासून आणलं. काही फरक नाही. शेवटी इंजिन नावेवरून सोडवलं, हातगाडीवर घालून घरी आणलं आणि अंगणात चालवून पाहिलं. टाकी नावेतच ठोकलेली होती, म्हणून पेरूच्या फांदीला डिझेलचा उघडा डबा टांगून तिथून नळी दिली. इंजिन दीड तास एका सुरात चाललं. शेजारचे वैतागले, मी मात्र खूश. आमच्या कारखान्याची ही खोडच आहे, तपासणीच्या लोखंडी घोडीवर चाललं ते पास.

दुसऱ्या दिवशी घाटावर इंजिन परत बसवून मी म्हाताऱ्याला चारचौघांत झाडलं. म्हटलं, "इंजन में कुछ नहीं है. तुम्हारी नाव ही भारी है. आदमी कम बैठाओ." तो फक्त एवढंच म्हणाला, "किसको उतारें दादा?" मी आणखी चिडलो आणि सायकल काढून घरी आलो.

घरी येऊन बायकोला सगळं ऐकवलं. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "काहून चिडून राहिले त्या म्हाताऱ्यावर? तो एक शब्द तरी उलटा बोलला का? इंजिन नदीत बंद पडते अन् तुम्ही पेरूखाली पाहून राहिले. एकदा नावेत बसून तर पाहा."

राग आला, कारण ती बरोबर होती. मी दोन दिवसांची रजा टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच पलीकडे गेलो, म्हाताऱ्याच्या घरी जेवलो, तिथेच झोपलो. आदल्या दिवशी मी त्याला काय बोललो होतो ते त्याने एकदाही काढलं नाही. उलट मला बरी गोधडी दिली आणि स्वतः पोतं पांघरलं.

पहाटे धुक्यात निघालो. सात जण, म्हातारा आणि मी. आणखी एक उशीर आणि सात घरांच्या चुली, हा हिशेब सगळ्यांनाच ठाऊक होता. वीस मिनिटं इंजिन छान चाललं, आणि मग आवाज बारीक झाला. मी इंजिनावर हात ठेवला. तापलं होतं, पण कामाचं इंजिन तापतं तेवढंच. नळीतून येणारं पाणी नुसतं कोमट होतं. म्हणजे तापण्याचा यात काही दोषच नव्हता. आणि तपासायचं बाकी काही उरलं नव्हतं.

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "डीजल है ना?" म्हाताऱ्याने बोटं अगदी कडेला धरून हळूच झाकण फिरवलं. माझा शेंदूर पुसला जाऊ नये म्हणून तो महिनादोन महिने असंच जपून झाकण उघडत होता, तेही फक्त घाटावर डिझेल भरताना. झाकण सैल झालं आणि टाकीने मोठ्याने श्वास आत घेतला. तीन-चार क्षण गेले, आणि इंजिन पुन्हा भरल्या आवाजात चालू लागलं.

मला सगळं एकदम कळलं. डिझेल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी त्या झाकणाला खिळ्याने बारीक भोक मीच पाडलं होतं, आणि खंडेनवमीला मीच ते शेंदराने लिंपून टाकलं होतं. हवा मिळाली नाही की वीस मिनिटांत टाकी डिझेल सोडायची बंद व्हायची. इंजिन निवायची वाट पाहत बसलं की फटींतून थोडी हवा शिरायची आणि गाडं पुन्हा चालू. आणि पेरूच्या फांदीवरच्या उघड्या डब्याला झाकणच नव्हतं.

मी पाठ वळवली आणि काडेपेटीतल्या काडीने भोक कोरलं. नखं लाल झाली. मागून कोणीतरी विचारलं, "क्या निकला दादा?" म्हाताऱ्याने माझ्या नखांकडे पाहिलं आणि मोठ्याने सांगितलं, "कचरा था. निकल गया."

सातही जण त्या दिवशी भोंगा वाजत असतानाच फाटकातून आत गेले. पुढे लढाई झाली, संपली, आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव कमी झालं नाही. मी मात्र गप्प राहिलो. दर रविवारी घाटावर जायचो, चहा प्यायचो, ते मला दादा म्हणायचे, आणि मी चहाच्या कपात बघत राहायचो.

पुढच्या खंडेनवमीला म्हातारा शेंदराची वाटी घेऊन माझ्या दारात आला. पूजा तुम्हीच करायची, म्हणाला. मी नावेपाशी गेलो, पण वाटी हातात घेतली नाही. शेवटी सातही जणांसमोर सांगून टाकलं, की गेल्या वर्षी तुमची नोकरी जाणार होती ती माझ्या शेंदरापायी, आणि झाडलं मी या म्हाताऱ्याला.

त्यांच्यातला सगळ्यात मोठा, कारखान्यात भट्टीवर काम करणारा, म्हणाला, "मालूम है दादा. कचरा लाल कहाँ होता है."

वर्षभर त्यांना ठाऊक होतं. वर्षभर त्यांनी मला दादा म्हटलं होतं. मी मान खाली घालून उभा राहिलो, डोळे भरून आले, आणि ते मी लपवलेही नाहीत. नंतर आयुष्यात मला बढत्या मिळाल्या, निवृत्तीला शालही मिळाली, पण त्या आठ माणसांनी माझी जी अब्रू राखली तिची सर कशाला आली नाही.

म्हाताऱ्याने खिशातून बाभळीचा एक लांब काटा काढला, झाकणाच्या भोकात उभा खोचला आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"अब लगाओ दादा," तो म्हणाला, "जितना मन हो उतना लगाओ."